एकोणसाठ मणी

लोणावळ्याचा पाऊस एकदाचा थांबला की आमच्या भांगरवाडीत दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे बुरशीचा वास मारणाऱ्या गाद्या गच्चीवर टाकणे. आणि दुसरी, शेजारच्या मावशींच्या घरातून संध्याकाळी सातच्या सुमाराला येणारी जपमाळेची गुणगुण. ऑक्टोबर हा कॅथलिक लोकांचा जपमाळेचा महिना, 7 तारखेला जपमाळेच्या मातेचा सण. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण कसं, तर शेजारी कुठल्या वारी मासे असतात ते माहीत असतं तसं. वास ओळखीचा, पाककृती नाही.

2023 च्या ऑक्टोबरात ती गुणगुण आली नाही.

आधी मावशींबद्दल सांगतो. त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर), हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लहानपणी बैलगाडीतून गेलेल्या. नर्स झाल्या, रेल्वेतल्या माणसाशी लग्न होऊन लोणावळ्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. माझी आई शाळेत शिक्षिका, त्यामुळे माझी दुपारची जेवणं बरीचशी मावशींकडे. वरणभात, बोंबलाची चटणी आणि वर "हात धुतलेस का?" अशी नर्सछाप चौकशी. यजमान गेले, मुलगा मेलबर्नला. मी मात्र हिंजवडीत नोकरी करून रोज लोकलने परत येणारा, त्यामुळे भिंतीला भिंत कायम राहिली.

सप्टेंबरात त्यांना झटका आला. सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात गेला, डावा कापायचा, बोलणं जरा जड झालं. डोकं मात्र पूर्वीइतकंच कडक. ज्या बाई त्यांच्याबरोबर संध्याकाळी माळेला बसायच्या त्या मुलीकडे वसईला राहायला गेल्या होत्या. एकदा मी औषधं द्यायला गेलो तर माळ जमिनीवर पडलेली, आणि मावशी तिच्याकडे बघत बसलेल्या. मी उचलून दिली.

"माझ्याकडे नको," म्हणाल्या. "तू धर. मणी तू सरकव, अर्धं तू म्हण, अर्धं मी म्हणते."

"मावशी, मला येत नाही."

"एवढा इंजिनीयर ना तू? शीक."

झालं. माझं कॅथलिक धर्मशिक्षण असं वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं.

खरं तर या विषयातलं आपल्याला थोडंफार कळतं असा माझा समज होता. कारण अँथनी डिमेलो. हे जेझुइट फादर (1931–1987) मूळचे मुंबईचे, त्यांची साधना संस्था आमच्याच लोणावळ्यात. श्वासाकडे लक्ष द्या, जागे व्हा, वगैरे त्यांचं लिखाण मी कॉलेजात भारावून वाचलं होतं. पुढे 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांबद्दल इशारा देणारं पत्रक काढलं, तेव्हा तर ते आम्हाला आणखीच आवडायला लागले. मावशींना मी एकदा डिमेलोंबद्दल विचारलं होतं. "चांगला माणूस," म्हणाल्या, आणि भाजी चिरत राहिल्या. त्यांचा धर्म म्हणजे माळ, रविवारची मिस्सा आणि उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाची वाट. जागं होण्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. त्या रोज पाचला उठायच्याच.

चर्चमधल्या फादरांकडून मी मराठी प्रार्थनांची छोटी पुस्तिका आणली. मागच्या पानांवर मुलांसाठी प्रश्नोत्तरं होती. ही प्रश्नोत्तरांची पद्धत आपल्याकडे बरीच जुनी आहे बरं का. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (1616) आपण ऐकून असतो, सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. पण याच माणसाने कोकणीत धर्मशिक्षणाचं एक संवादरूप पुस्तकही लिहिलं. तो 1619 मध्ये वारला आणि पुस्तक 1622 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. म्हणजे पुराण मोठ्यांसाठी आणि हे शिकाऊ लोकांसाठी. मी शिकाऊ.

आता माळ. एका माळेत 59 मणी असतात. त्यातले 53 लहान, प्रत्येकी एक 'नमो मरिया'. 6 मोठे, प्रत्येकी एक 'आमच्या बापा', म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना. क्रुसावर विश्वासाची कबुली, म्हणजे क्रीड. मग शेपटीचे पाच मणी, मग मारियेचं पदक, आणि पुढे वर्तुळात दहा-दहांचे पाच गट. प्रत्येक गटाआधी एक 'बापा', नंतर त्रैक्याचा गौरव. त्यावर 1917 च्या फातिमा दर्शनांनंतर रूढ झालेली एक छोटी प्रार्थना. आमच्या भाषेत सांगायचं तर लूपच्या आत लूप, सोपं.

पहिल्याच दिवशी घोळ. गट पाच, पण वर्तुळात मोठे मणी चारच! मी पदकापाशी अडकलो. मावशी डोळे मिटून थांबलेल्या. दोन मिनिटांनी एक डोळा उघडून म्हणाल्या, "पदकावर नाही रे, शेपटीवर." म्हणजे पहिल्या गटाचा 'बापा' शेपटीच्या शेवटच्या मण्यावर म्हणून मगच वर्तुळात शिरायचं. कुंपणाचे खांब मोजताना होते तीच ती एकाची चूक. वीस वर्षं कोड लिहून मी तीच केली. आपल्या 108 मण्यांच्या माळेत मेरुमणी ओलांडायचा नसतो, तिथून उलटं फिरायचं. इथे तसं काही नाही, गोल फिरून पुन्हा पदकाशी यायचं.

मण्यांबरोबर मनात चालतात ती रहस्यं, म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग. आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच, वारांना वाटून दिलेली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर 2002 मध्ये त्यात प्रकाशाची पाच घातली, गुरुवारसाठी. त्यामुळे गुरुवारची आनंदाची रहस्यं शनिवारी सरकली. मावशींनी हा बदल मान्य केलेला नव्हता. "चुकीचं नाही," म्हणायच्या, "पण पंधरा गुणिले दहा दीडशे. स्तोत्रं दीडशे, त्याला धरून होतं ते. आता दोनशे कशाला?" मी म्हटलं, मावशी, पोपने सांगितलंय. तर म्हणे, "त्याने सुचवलंय. सक्ती नाही केली." नंतर फादरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, मावशींचं बरोबर आहे.

माझी खरी अडचण मात्र क्रीडशी होती. बाकीच्या प्रार्थना सगळ्या 'आम्ही'च्या. बाप आमचा, भाकर आमची, अपराध आमचे. क्रीड तेवढं एकवचनी, 'मी विश्वास ठेवतो'. आणि मी तर ठेवत नाही. माझ्या घरी गणपती बसतो, आषाढात आजोबा देहूला जायचे, आणि माझं स्वतःचं म्हणाल तर सगळंच धूसर. आजारी माणसासमोर बसून खोटं कसं बोलायचं? दोन दिवस मी क्रीड पुटपुटल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी मावशींना सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. "मग ते तू म्हणू नको. मी म्हणते, तू ऐक. फी न भरता वर्गात बसता येतं, परीक्षा तेवढी देता येत नाही."

'नमो मरिया'चं मात्र जमून गेलं, त्याचं कारण तिची रचना. तिचे दोन भाग. पहिल्या भागातला नमस्कार म्हणजे गब्रिएल दूताचे आणि अलिशिबेचे शब्द, दोन्ही लूकच्या पहिल्या अध्यायातले. माळ पुढे नेणारा हा भाग म्हणतो. दुसरा भाग विनंतीचा, तो बाकीचे म्हणतात. आज म्हणतात त्या रूपात तो 1568 च्या रोमन प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. त्यात मारियेला एवढंच सांगितलेलं असतं, की आम्हा पाप्यांसाठी तू देवाकडे शब्द टाक, आत्ता, आणि आम्ही मरताना. म्हणजे माझ्या वाट्याला आलेलं सगळं दुसऱ्याचं बोलणं. मी नुसता निरोप्या. (याच नावाचं कॅथलिक मासिक मराठीत 1903 पासून आहे, फादर डोरिंगनी सुरू केलेलं. मावशींकडे त्याचे गठ्ठे होते.) यात खोटं काही नाही अशी मी स्वतःची समजूत घातली आणि निवांत झालो.

एकदा विचारलं, "तुम्ही मारियेची पूजा करता ना?"

"पूजा देवाची. तुला सहलीला जायचं असलं की तू मला का येऊन सांगायचास?"

"तुम्ही आईला पटवाल म्हणून."

"मग?"

असे दिवस चालले होते. कधी माळ अर्ध्यावर सोडून जुन्या गोष्टी निघायच्या. बाळंतपणाच्या वॉर्डातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एका ख्रिस्ती बाईचं बाळ जगणार नव्हतं, फादर यायला तास लागणार. त्या बाईने विनवलं आणि मावशींनी स्टीलच्या वाटीतलं पाणी बाळाच्या कपाळावर तीनदा ओतून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा दिला. अशा वेळी तो कोणीही देऊ शकतो, चर्चचा तसा नियमच आहे. हिंदू नर्सने दिला तरी चालतो. चर्चला जे अभिप्रेत आहे ते करायचा हेतू हवा, पाणी हवं आणि शब्द बरोबर हवेत. "विश्वास?" मी विचारलं. "देणाऱ्याचा नसला तरी चालतो," मावशी म्हणाल्या. त्या मला काहीतरी सांगत होत्या हे मला तेव्हा लक्षात आलं नाही.

ऑक्टोबरअखेर छातीत कफ झाला. हॉस्पिटलला जायला त्यांनी साफ नकार दिला, मुलाने फोनवर रडून सांगितलं तरी. त्याचं तिकीट 5 तारखेच्या रात्री पोहोचणारं. 3 नोव्हेंबर हा महिन्यातला पहिला शुक्रवार. त्या दिवशी फादर आजारी लोकांना घरी ख्रिस्तप्रसाद द्यायला येतात. पण मावशींना आता पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मग त्यांनी आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार दिला. बिशपने पवित्र सप्ताहात आशीर्वाद दिलेलं ऑलिव्हचं तेल, कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर. पूर्वी याला शेवटचा अभ्यंग म्हणत, त्यामुळे फादर दारात दिसले की घरचे रडायला लागत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) तो कुठल्याही गंभीर आजाऱ्यासाठी आहे असं स्पष्ट झालं. फादरांनी हे मला समजावून सांगितलं. पण त्या दिवशी तो शेवटचाच होता हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

रात्री आई थोडा वेळ बसून झोपायला गेली. मी माळ घेतली. शुक्रवार, म्हणजे दुःखाची रहस्यं. क्रुसाशी थांबलो. क्रीड म्हणणाऱ्या मावशी श्वासाशी झगडत होत्या. मी ते मनात वाचलं, तोंडाने नाही, आणि पुढे गेलो. पहिल्या 'नमो मरिया'चा माझा भाग म्हटला आणि नेहमीप्रमाणे थांबलो.

समोरून काहीच नाही.

ही शांतता मी कोडमध्ये कधी गृहीत धरली नव्हती, असं काहीतरी चमत्कारिक मनात आलं. मावशींचे डोळे माझ्याकडे होते. डावा हात चादरीवर हलला, तो 'पुढे' म्हणण्यासाठी होता की नुसताच, कुणास ठाऊक. मग दुसरा भागही मीच म्हटला. 'आम्हा पाप्यांसाठी' यातल्या 'आम्हा'त मी आलोच. मरण्याच्या वेळेबद्दलचे शब्द मरण्याच्या वेळी समोर बसून म्हणायचे म्हणजे काय ते लिहिता येत नाही. 53 वेळा म्हटले. शेवटाकडे आवाज बसला होता.

बारा वाजून गेले. शनिवार लागला. पुस्तिकेप्रमाणे शनिवारी आनंदाची रहस्यं. मावशींच्या जुन्या हिशोबाने गौरवाची. मी मावशींचं ऐकलं. पुनरुत्थान, स्वर्गारोहण... तिसऱ्या गटात कुठेतरी श्वास थांबला. मी नर्सच्या हाताखाली वाढलेला, नाडी बघितली, वेळ लिहून ठेवली, मग आईला उठवलं. उरलेले दोन गट मी सकाळी पूर्ण केले. अर्धवट सोडायला बरं वाटेना.

मुलगा आला, सोमवारी दफन झालं आणि त्या दिवसापासून सात संध्याकाळी घरात माळ झाली. सातवी संध्याकाळ 12 नोव्हेंबरची, नेमकं लक्ष्मीपूजन. आम्ही आकाशकंदील लावलाच नव्हता. मुलाने दुपारी येऊन आईला सांगितलं, "काकू, लावा. नाहीतर मम्मी मला ओरडेल." बाहेर फटाके, आत आम्ही नऊ-दहा जण. रविवार असल्याने गौरवाची रहस्यं, जुन्या-नव्या दोन्ही हिशोबांनी. माळ मुलाच्या हातात होती, मावशींचीच. क्रीडला मी गप्प बसलो, बाकी सगळं सगळ्यांबरोबर म्हटलं. मेलबर्नला माळ वगैरे फारशी होत नसावी, कारण तीन छोटे मणी संपवून तो थेट पदकापाशी गेला आणि अडकला. बोटं मागेपुढे करू लागला. सगळे डोळे मिटून थांबलेले.

मी जरा वाकून त्याच्या कानाशी म्हटलं, "पदकावर नाही रे, शेपटीवर."