व्हायोलिनची केस: काही टिपणं

१
व्हायोलिनचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. त्याच्या केसचं दोन ते तीन किलो. क्लासला जाणारी मुलगी खांद्यावर वाहते ते ओझं मुख्यतः केसचं असतं.

२
दुकानात आलेली माणसं आधी बाहेरचा रंग बघतात, मग आतलं मखमल, मग किंमत. वाद्य घरी ठेवून आलेली असतात. रिकाम्या केसवरून फारसं काही कळत नाही. वाद्य बरोबर न्यावं, आत ठेवून बघावं, आणि दुकानदार घाई करू लागला तर दुसरं दुकान गाठावं.

३
पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड. कडेच्या पट्ट्या एक मिलिमीटर. चार तारांचा मिळून ताण वीस किलोंच्या वर. आत एक बारीक लाकडी दांडी उभी असते, साउंडपोस्ट. ती चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते. धक्क्याने ती पडली की वाद्याचा आवाज बसतो.

४
केसमध्ये सगळ्यात आधी बघायचं ते सस्पेन्शन. तळाला दोन ठिकाणी जाड गाद्या असतात, एक मानेच्या बाजूला, एक खालच्या टोकाला. व्हायोलिन या दोन गाद्यांवर टेकतं आणि पाठीचा फुगीर भाग तळापासून अधांतरी राहतो. मान पट्ट्याने बांधलेली. केस हातातून पडली तर तळाला बसलेला दणका थेट पाठीपर्यंत पोचत नाही.

ओळखायचं कसं? दोन गाद्यांवर एक लांब फूटपट्टी ठेवा आणि पट्टीखालची फट मोजा. पाठीचा फुगवटा साधारण दीड सेंटिमीटरचा असतो. गाद्या वजनाने थोड्या दबणार. म्हणजे फट दोन सेंटिमीटरच्या वर हवी. बऱ्याच स्वस्त केसेसमध्ये गाद्याच नसतात. मखमलीखाली सपाट तळ असतो आणि पाठ त्यावर टेकते.

५
दुसरी तपासणी झाकणाची. ब्रिजच्या वरच्या कडेला खडू लावा, झाकण बंद करा, वरून हलका दाब द्या, उघडा. झाकणाच्या अस्तरावर पांढरी रेघ उमटली तर ती केस त्या वाद्याची नव्हे.

६
डिसेंबर २००७, लंडनचं बार्बिकन. कार्यक्रम आटोपून निघालेला डेव्हिड गॅरेट पायऱ्यांवर घसरला आणि पाठीवर पडला. पाठीवर केस, केसमध्ये १७७२ सालचं ग्वादानिनी व्हायोलिन. माणूस वाचला, व्हायोलिन फुटलं.

केस हातातून पडण्याचा धक्का सोसते. वर सबंध माणूस पडला तरी न दबणारी केस वेगळी. ती हवी असेल तर तसं सांगून, दाबून बघून घ्यावी लागते.

७
संध्याकाळची लोकल, दादर. एका मुलाने केस छातीशी उभी कवटाळली आहे. लांबट चौकोनी केसला वरच्या टोकाशी आणखी एक मूठ असते, ती याच कामाची. मुंबईत राहणाऱ्याने ही मूठ नसलेली केस घेऊ नये.

८
आकार तीन. चौकोनी: जड, पण जमिनीवर स्थिर, आणि दोन-तीन बो, रोझिन, शोल्डर रेस्ट, वही, सगळं मावतं. अर्धचंद्राकृती: वजनाने आणि जागेने मधली. वाद्याच्या घडणीची: सगळ्यात सुटसुटीत, पण उभी केली की कलंडते आणि शोल्डर रेस्ट बहुधा वेगळ्या पिशवीत न्यावा लागतो.

रोज बसने जाणारा आणि वर्षातून दोनदा विमानाने जाणारा यांची केस एक असायचं कारण नाही.

९
प्लायवूड: दणकट, जड. ओल मुरली की थर सुटतात.
घट्ट फोम: हलका, परवडणारा. एकदा जोराचा दणका बसला की तिथे तो दबलेलाच राहतो. मग केस बदलावी.
फायबर ग्लास: चेलोसाठी पुष्कळ वापरतात. वजन पाच-सहा किलोंपर्यंत जातं.
कार्बन फायबर: तीच चेलोची केस तीन किलोंच्या आसपास. किंमत शिकाऊ वाद्याच्या कितीतरी पट.

स्ट्रादिवारीच्या क्रेमोना गावात मुसाफिया यांचा कारखाना आजही केसेस बनवतो. त्या मात्र लाकडीच.

१०
हँडल आणि पट्ट्याच्या कड्या. नुसते टाके आहेत, की आतून पत्रा लावून रिव्हेट ठोकले आहेत? केस भरून उचला आणि जरा हिसडा द्या. कुरकुर ऐकू आली तर ठेवून द्या.

११
व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं. ऊब आणि ओल लागली की सरस सुटतो. म्हणून तर कारागिराला वाद्य न फोडता उघडता येतं. याच गुणामुळे मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं व्हायोलिन सांध्यातून उकलतं.

काळी केस उन्हात लवकर तापते. पांढरी किंवा चंदेरी घ्यावी. पण नागपूर-अकोल्याच्या दुपारी गाडीच्या डिकीत कुठलीच केस पुरी पडत नाही. वाद्य आपल्याबरोबर जेवायला न्यावं, शेजारच्या खुर्चीत ठेवावं.

१२
वाद्याला मानवणारी आर्द्रता ४० ते ६० टक्के. जुलैत मुंबईची हवा ८० च्या वर असते. खुंट्या फुगून आवळतात. हिवाळ्यात देशावर त्याच खुंट्या सैल पडतात आणि सकाळी केस उघडावी तर चारही तारा उतरलेल्या.

पुष्कळ केसेसमध्ये गोल काट्याचा हायग्रोमीटर बसवलेला असतो. त्यावर विसंबण्याआधी तो तपासावा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलं होईल इतकंच पाणी घाला. मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवेत. साठ दाखवले, तर पंधरा कमी दाखवतो हे केसमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा.

१३
गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांतून मुलं पिढ्यान् पिढ्या व्हायोलिन शिकली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तिथून मुंबईत आले, सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवलं आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं.

गोवा काय, मुंबई काय, जूनपासून चार महिने पाऊस. पाणी चेनच्या दातांतून आत शिरतं. चेनवर कापडाची झडप आहे का, हे बघणारं गिऱ्हाईक विरळा.

१४
२८ फेब्रुवारी १९३६, न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. ब्रॉनिस्लाव्ह हुबरमन मंचावर एक व्हायोलिन वाजवत होते. दुसरं, १७१३ सालचं स्ट्रादिवारी, आतल्या खोलीत केसमध्ये होतं. ते चोरीला गेलं. ज्युलियन आल्टमन नावाच्या वादकाने ते जवळपास पन्नास वर्षं वाजवलं आणि मरणाच्या दारात बायकोला केस नीट तपासायला सांगितलं. केसच्या आवरणात १९३६ च्या चोरीच्या बातम्यांची कात्रणं निघाली.

आज ते व्हायोलिन जोशुआ बेल वाजवतो.

१५
केसच्या आत नाव आणि फोन नंबर. वाद्याचे फोटो वेगळे, घरी.

१६
ऑक्टोबर १९९९: यो-यो मा यांचा १७३३ सालचा मोन्तान्याना चेलो न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या डिकीत राहिला. त्याच दिवशी मिळाला. त्यांनी टॅक्सीची पावती जपून ठेवली होती.

एप्रिल २००८: फिलिप क्विंट यांचं १७२३ सालचं स्ट्रादिवारी नेवार्कहून घेतलेल्या टॅक्सीत राहिलं. चालकाने परत केलं. क्विंट यांनी नेवार्क विमानतळावर टॅक्सीचालकांसाठी कार्यक्रम केला.

१७
एप्रिल २००४, लॉस एंजेलिस. १६८४ सालचा स्ट्रादिवारी चेलो, 'जनरल किड', एका वादकाच्या घराच्या ओसरीवरून केससकट नाहीसा झाला. पुढे एका नर्सला तो रस्त्यात कचऱ्याच्या पेटीजवळ दिसला. तिचा मित्र लाकूडकाम करणारा. त्याच्याकडून याचं सीडी ठेवायचं कपाट करून घ्यावं, असं तिच्या मनात होतं. चेलोची बातमी कानावर आली आणि तो परत गेला.

१८
१७१६ सालचं 'मेसाया' स्ट्रादिवारी ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे. जवळजवळ नवं दिसतं. वाजवलं जात नाही.

१९
चेलोच्या केसला चाकं असतात. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती कामाची. आपल्या फुटपाथवर दर फरशीचा सांधा वाद्याला हादरा देतो. साउंडपोस्ट सरकतो, जुने जोड बोलू लागतात. रस्त्यावर चेलो पाठीवर घ्यावा. म्हणून चाकांआधी पाठीचे पट्टे बघावेत: रुंद आहेत का, ओझं कमरेवर येतं का.

नुसत्या कापडी बॅगेत चेलो असेल तर गर्दीत ब्रिजची बाजू आपल्या अंगाकडे ठेवावी.

२०
आपल्याकडे विमानात हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण ५५ सेंटिमीटर लांबीची. व्हायोलिनची चौकोनी केस ८० च्या आसपास. नियमात बसत नाही, वरच्या कप्प्यात बहुधा मावते. म्हणजे सगळं दारातल्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर. कंपनीकडून आधी लेखी होकार घ्यावा. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने वरच्या कप्प्यात जागा असेल तर छोटं वाद्य आत नेता येतं. असा स्पष्ट नियम आपल्याकडेही हवा.

चेलोला तिकीट काढावं लागतं. लिन हॅरेल आपल्या चेलोचं तिकीट काढत आणि त्याच्या नावावरही प्रवासाचे मैल जमा करत. २०१२ मध्ये विमान कंपनीने चेलोचं खातं बंद केलं. हॅरेल यांचंही.

२१
मुलांची व्हायोलिनं: पाव, अर्धं, पाऊण. मूल वाढणार म्हणून पालक मोठी केस घेतात. अर्धं व्हायोलिन पूर्ण मापाच्या केसमध्ये दर पावलाला हलतं. मोकळ्या जागेत रुमाल, टॉवेल कोंबतात. तो टॉवेल ब्रिजवर दाबतो. केस वाद्याच्या मापाचीच हवी. क्लासमधल्या मोठ्या मुलाची जुनी केस मागून घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

२२
सास्किया राव-डी हास यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी वेगळा चेलो करून घेतला: लहान अंगाचा, तरफांच्या तारा असलेला, जमिनीवर बसून वाजवायचा. अशा वाद्याला तयार केस मिळेल हे धरून चालू नये. पाच तारांच्या व्हायोलिनवाल्यांनीही डोक्याची लांबी मोजूनच दुकानात जावं.

२३
पलंगाखाली वर्षानुवर्षं बंद पडलेली केस उघडली तर बोवर घोड्याचे केस तुटून लोंबताना दिसतात. ते ताणाने तुटलेले नसतात, किड्यांनी कुरतडलेले असतात. बारीक अळ्या, काळोख आवडणाऱ्या. उपाय साधा: वाद्य आणि बो बाहेर काढून केस कोनाकोपऱ्यांतून झाडावी, व्हॅक्यूम फिरवावा, उन्हात उघडी ठेवावी. ऊन केसला, वाद्याला नव्हे. आणि मग रोज उघडावी, म्हणजे रोज वाजवावं.

२४
एक जुनी प्लायवूडची केस, बाहेरून काळं रेक्झिन, कोपऱ्यांतून लाकूड दिसणारं. आत लाल मखमल. जिथे वाद्याचं डोकं टेकतं तिथे मखमल घासून सुताचं जाळं उरलेलं. बोच्या खाचेत रोझिनची पांढरी भुकटी साचून घट्ट झालेली. छोट्या कप्प्यात गुंडाळलेली तुटकी तार, खडूचा तुकडा, देवाचा फोटो, आकाशवाणीच्या करारपत्राची घडी. बिजागरी नवी. आतल्या गाद्याही नव्या, घरी शिवलेल्या, तंतोतंत त्या व्हायोलिनच्या मापाच्या.

अशी केस टाकून देऊ नये. गाद्या बदलता येतात, बिजागऱ्या बदलता येतात.

२५
बो ठेवताना आधी ढिला करायचा. बोची पकड फिरवून बघायची: दुकानातच केस बंद करून दोन-चार वेळा हलवा, उघडा. बो सुटून वाद्यावर पडलेला दिसला तर तेच घरी होणार, आणि व्हार्निशवर ओरखडा कायमचा.

२६
तंबोऱ्याला कापडाची गवसणी असते. ती धुळीपासून राखते, धक्क्यापासून नाही. मिरजेहून तंबोरा आणणारे भोपळ्याभोवती गाद्या-चादरी गुंडाळून तो मांडीवर घेऊन बसतात. आता तंबोऱ्यासाठीही फायबरच्या केसेस मिळतात. महाग आहेत. फुटलेला भोपळा जोडून आणण्यापेक्षा स्वस्त पडतात.

२७
पैसे मोजायचा क्रम: आधी सस्पेन्शन, मग हँडल, मग चेन आणि झडप, मग वजन. रंग सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडले तर महिनाभर थांबावं, पण सपाट तळाची केस घेऊ नये.

२८
झाकण नुसतं टेकवलेलं, चेन उघडी. बेल वाजते, आपण दार उघडायला जातो. घरातलं कुणीतरी वाटेत आहे म्हणून केस हँडलने उचलतं आणि व्हायोलिन फरशीवर पडतं. यात दोष केसचा नाही, उचलणाऱ्याचाही नाही. झाकण टेकवलं की त्याच क्षणी चेन लावा. दार, फोन, चहा, सगळं त्यानंतर. मुलांना पहिल्या दिवशी, सा वाजवायच्या आधी, हेच शिकवा.