प्रेसनोट

ती वेळेची पक्की. दुपारी चौकात काहीही घडो, संध्याकाळी पानं लावायला घेण्याच्या आत ती हजर असते. पूर्वी शिपाई पाकिटातून आणून द्यायचा, मग ती फॅक्सवर येऊ लागली, आता पीडीएफ होऊन बातमीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडते. येण्याची वाट बदलली, पोशाख तोच राहिला: वर कार्यालयाचं नाव, कोपऱ्यात जावक क्रमांक आणि दिनांक, खाली सही-शिक्का. तिचा आवाज कधी चढत नाही. रस्त्यावर रडारड चालू असली तरी ही आपली 'आज रोजी सदर ठिकाणी' म्हणून संथपणे सुरुवात करते.

तिचं बोलणं एकदा नीट ऐकावं. 'जमावाने दगडफेक केली.' दगड कुणी मारले ते पहिल्याच शब्दात कळलं. पुढचं वाक्य: 'त्यामुळे सौम्य लाठीमार करण्यात आला.' कुणी केला? ती सांगत नाही. कधी म्हणते, 'नाइलाजाने बळाचा वापर करावा लागला'. त्या 'लागला'मध्ये मार खाणाऱ्यापेक्षा मारणाऱ्याचीच अडचण जास्त दिसते. आणि शेवटी, 'गोळीबारात तिघांचा मृत्यू.' बंदूक नाही, चाप ओढणारा नाही, हुकूम देणारा तर नाहीच. तिच्या व्याकरणात दगडाला हात असतो, लाठीला नसतो. 'सौम्य' हे विशेषण लावताना ज्याच्या डोक्याला टाके पडले त्याला कुणी विचारलेलं नसतं.

ती खोटारडी आहे असं माझं म्हणणं नाही. गुन्ह्याची कलमं, ताब्यात घेतलेल्यांची संख्या, बंदोबस्ताचा तपशील बहुतेक वेळा नोंदीबरहुकूम असतो. तिची ताकद आहे ती आधी आणि तयार होऊन येण्यात. डेस्कवरच्या उपसंपादकाला पान सोडायचं असतं. बातमीदार अजून गावात पोहोचलेला नसतो. जखमींचे नातेवाईक सिव्हिलच्या आवारात असतात, फोन उचलत नाहीत. उचलला तर सांगणं तुटक, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. समोर मात्र ही सगळी जुळणी करून बसलेली. 'सदर' काढलं, 'इसम' खोडून 'व्यक्ती' केलं, मथळा दिला की झालं. जागा कमी पडली तर 'पोलिसांनी सांगितले' हे दोन शब्द सगळ्यांत आधी उडतात. सकाळी तिचं वाक्य वर्तमानपत्राचं वाक्य झालेलं असतं, आणि चहासोबत वाचणाऱ्याचं मतसुद्धा.

तिची भावंडं जगभर आहेत. जून 1975 मध्ये ऱ्होडेशियातल्या सॅलिस्बरीत, म्हणजे आजच्या हरारेत, गोऱ्या राजवटीच्या पोलिसांनी आफ्रिकी लोकांवर गोळ्या चालवल्या. 'द गार्डियन'च्या मथळ्यात आधी पोलिस होते. 'द टाइम्स'च्या मथळ्यात आधी होते दंगल करणारे काळे, पोलिस त्यांच्या मागे. नंतरच्या मजकुरात पोलिस आणखी मागे सरकत गेले आणि दंगल तेवढी पुढे राहिली. टोनी ट्र्यू या अभ्यासकाने ही सरकासरक वाक्यावाक्यातून पकडली. 1979 च्या 'लँग्वेज अँड कंट्रोल' या पुस्तकात ती वाचायला मिळते. कुणाला आधी बसवायचं आणि कुणाला वाक्याबाहेर काढायचं, यावरून दोष कुणाकडे जातो ते ठरतं.

आपल्याकडे 23 नोव्हेंबर 1994 आहे. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि गोवारींचा मोर्चा विधानभवनाकडे आला होता. सरकारी यादीतली 'गोंड-गोवारी' ही नोंद आमचीच आहे, आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या, एवढं त्यांना सांगायचं होतं. मोर्चा अडवला गेला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पळापळ झाली आणि 114 माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलं फार होती. बातम्यांतून हे मृत्यू बहुधा 'चेंगराचेंगरी'च्या नावावर जमा होतात. चेंगराचेंगरी झालीच, ते नाकारायचं कारण नाही. पण माणसं मारण्याचं काम एकदा तिच्यावर सोपवलं की कठडे कुणी लावले, लाठ्या कुणी चालवायला सांगितल्या, त्यांचं निवेदन घ्यायला कुणी खाली उतरलं का, हे प्रश्न मागेच पडतात. गोवारींनी स्वतःचा शब्द सोडला नाही. ते 'शहीद' म्हणतात. झिरो माइलजवळच्या स्मारकाशी दरवर्षी जमतात, आणि सीताबर्डीच्या पुलालाही 'आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल' हेच नाव आहे. त्यांची मागणी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2018 मध्ये मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये तो निकाल फिरवला. 114 हा आकडा पुष्कळांना पाठ आहे. ती माणसं काय मागायला आली होती, हे सांगू शकणारे मला फार थोडे भेटतात. याचं मला वाईट वाटतं, आणि रागही येतो.

आपलं वाक्य दुसऱ्याच्या हाती राहिलं की काय होतं, हे बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखलं होतं. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला तो त्यासाठीच. पण प्रत्येक मोर्चेकऱ्याला स्वतःचं पत्र काढता येत नाही. त्याची भिस्त आपल्या डेस्कवरच असते.

प्रेसनोट नको असं कुणी म्हणणार नाही. पोलिसांची बाजू छापायलाच हवी, आणि ती तिच्याइतकी नेटकी दुसरं कुणी मांडत नाही. फक्त ती पोलिसांची बाजू म्हणून छापावी. 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे शब्द जागेसाठी कापू नयेत. 'करण्यात आला' दिसलं की फोन उचलून 'कुणी केला' असं विचारावं. उत्तर मिळालं नाही तर तेच छापावं: 'लाठीमाराचा आदेश कोणी दिला, हे पोलिसांनी सांगितलेले नाही.' सिंगल कॉलमच्या बातमीतसुद्धा एवढं वाक्य बसतं.