वीस जणांची तेरवी

सौंसर-पांढुर्ण्याकडे माकड मेलं तर ते कुणी उकिरड्यावर टाकत नाही. विजेच्या तारेला चिकटून पडलेलं असो की ट्रकखाली आलेलं, गावातली पोरं वर्गणी गोळा करतात, बांबूची तिरडी बांधतात, गुलाल उधळतात. भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन पुढं चालतं. खड्डा खणून मूठमूठ माती दिली जाते आणि मग दिवस धरून तेरवी, पंगत. आदल्या आठवड्यात ज्यानं त्याच टोळीवर गोफण फिरवली, तो बगीचेवालाही या पंगतीत बुंदी वाढायला उभा असतो. संत्र्याचा आंबिया बहार हातातोंडाशी आला की एका सकाळी टोळी उतरते. अर्धी खाल्लेली, अर्धी नुसतीच चावून फेकलेली फळं झाडाखाली पडलेली पाहिली की कुणाचंही काळीज जळतं. राग खरा असतो आणि तेरवीही खरी असते. जिवंत असताना माकड चोर, मेल्यावर मारुतीरायाच्या घरचं माणूस.

सौंसरजवळ जामसावळीला मारुती पिंपळाखाली निजलेला आहे. दुखणेकरी, डोक्यानं बिथरलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले अशांना घेऊन लोक तिथं येतात आणि दिवसचे दिवस मुक्काम टाकतात. दुखणं घेऊन वानराच्या पायाशी यायचं, ही आमच्या मुलखाची फार जुनी सवय.

२०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे लोकही दुखणं घेऊन माकडांकडेच आले. दुखणं साऱ्या देशाचं होतं. कोरोनावरची कोव्हॅक्सिन ही लस बनत होती. ती माणसांना टोचून पाहण्याबरोबरच लाल तोंडाच्या माकडांवर पारखायची होती. हे माकड साधारण तापी-गोदावरीच्या उत्तरेचं. त्यात टाळेबंदीनं गावं ओस पाडलेली, देवळं बंद, फुटाणे-केळी देणारे हात घरात कोंडलेले. उपाशी टोळ्या रानात आत शिरल्या होत्या. वनखात्याच्या मदतीनं शोध घेता घेता ती अखेर सापडली नागपूरजवळ. आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी पुढं लिहिलेल्या पुस्तकात ही शोधाशोध सांगितली आहे, आणि लशीच्या कथेच्या नायकांत तिथं धरलेल्या वीस माकडांना मोजलं आहे. सौंसरहून नागपूर म्हणजे बसनं दीड-दोन तास. एवढ्या जवळून वीस जण गेले आणि आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही आपापल्या दाराला आतून कडी लावून बसलो होतो.

पुढचं सारं या प्रयोगाच्या शोधनिबंधात आहे. वीस माकडांचे पाच-पाचांचे चार गट केले. तीन गटांना लसीचे तीन वेगवेगळे नमुने दिले; पहिल्या दिवशी एक टोचणी, चौदा दिवसांनी दुसरी. चौथ्या गटालाही तशाच टोचण्या दिल्या, त्यांत लस नव्हती. दुसऱ्या टोचणीनंतर आणखी चौदा दिवस गेले आणि विसाही जणांच्या शरीरात जिवंत कोरोना विषाणू सोडला. नाकातले, घशातले नमुने घेत राहिले. शेवटी फुप्फुसाचे पातळ काप काचपट्टीवर आले. लस मिळालेल्यांच्या फुप्फुसात न्यूमोनियाची खूण नव्हती. चौथ्या गटातल्यांच्या फुप्फुसात होती.

या चौथ्या गटापाशी माझं मन पुन्हा पुन्हा जाऊन बसतं. बाकीच्या पंधरांना निदान ढाल मिळाली होती. या पाचांच्या हाती काहीच दिलं नव्हतं, आणि ते मुद्दाम. कारण शास्त्राची रीतच तशी आहे. पंधरा जण बरे राहिले ते लसीमुळे की मुळात विषाणूच बेताचा होता, हे ठरवायला कुणीतरी लसीवाचून आजारी पडावं लागतं. तुलनेला गट नसेल तर निष्कर्षाला अर्थ नाही. ही अट मला कळते, पटतेही. ती गाळली असती तर लस म्हणून भलतंच काही आमच्या दंडात गेलं असतं. पण त्या पाचांचं आजारपण ही चुकून घडलेली गोष्ट नव्हती. तेच त्यांचं काम होतं. ताप चढला असेल, श्वास जड झाला असेल, तेव्हा काचेपलीकडच्या वहीत एक ओळ बरोबर भरली जात होती.

माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यातही असाच गट होता. सुमारे २५,८०० माणसं, त्यांतली निम्मी बिनलशीची. पण त्यांच्यापुढं संमतीपत्र असतं, नको म्हणायची मुभा असते, घरी जायची वाट असते, आणि त्यांच्यात कुणी मुद्दाम विषाणू सोडत नाही.

हा प्रयोग व्हायला नको होता असं मला म्हणता येत नाही. २०२१ चा एप्रिल मी विसरलेले नाही. ऑक्सिजनच्या खाटेसाठी नागपूरकडे धावणाऱ्या गाड्या, आणि गेलेल्याला खांदा द्यायला चार माणसं न मिळणं. त्या उन्हाळ्यात माणसांचीही तेरवी राहिली. आम्ही ती पुढं सवड मिळाली तशी केली. कुणाची वर्षश्राद्धाबरोबर, कुणाची नुसता फोटो ठेवून. पण केली.

माकडांचं देणं त्याहून जुनं आहे. पन्नाशीच्या दशकात पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत, आणि त्यासाठी भारतातली लाल माकडं पिंजऱ्यांत भरभरून परदेशी जात. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर त्यांतली शेकडो गुदमरून मेली. निर्यात पुरती थांबायला १९७८ उजाडलं. आमच्या पिढीत काखेत कुबडी असलेली पोरं वर्गात असायची, आता ती दिसत नाहीत. या सुखातही त्या पिंजऱ्यांचा वाटा आहे.

कायदा आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी इंग्लंडात मांडलं होतं की प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता आलं तर वापरा, नाहीतर संख्या कमी करा, तेही नाही तर निदान वेदना कमी करा. वीसच माकडं घेतली, दोनशे नाही, यामागं हाच विचार आहे. २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत बदल होऊन मानवी पेशींवरच्या, चिपवरच्या चाचण्यांना आपल्याकडे वाट मिळाली. ती वाट रुंद व्हावी, तिला पैसा मिळावा, असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या बाजूला, २०२२ च्या दुरुस्तीनं लाल माकड वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीतून निघालं. ज्या वर्षांत त्याचं ऋण चढलं, त्याच वर्षांत त्याचं छप्पर गेलं. बगीचेवाल्याचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तरीही हे मला खुपतं.

संख्या मोजली जाते, वेदना मोजली जाते. सुतक मात्र कुठल्याच अर्जात नाही. माझी मागणी साधी आहे. रानातून प्राणी धरून नेला, तर त्याचं शेवटी काय झालं हे ज्या शिवारातून नेला तिथल्या ग्रामसभेत येऊन सांगावं. मराठीत, हिंदीत, गोंडीत, जी भाषा तिथं चालते तीत. किती नेले, कुठल्या गटात पडले, कशानं गेले, त्यातून काय कळलं. चौथ्या गटाचं वेगळं सांगावं. वर्गणी, तिरडी, टाळ-मृदंग आणि पंगत यांचं गाव बघून घेईल.