आधी रस्ता सांगा

गाडी दारात लावून तरुण पोरगं जे पहिलं वाक्य बोलतं ते बहुतेक ठरलेलं असतं. "मामा, जरा पिकअप वाढवून द्या की." मग मी विचारतो, रोजचं जाणं कुठं? सावळजला का सांगलीला? मागं कोण बसतं? दुधाचे कॅन असतात का? टॉपला किती वेळ राहते? पोरगं चुळबुळ करतं. त्याला वाटलेलं असतं, मिस्त्री लगेच पाना उचलतील. पण एवढं कळल्याशिवाय मॅनिफोल्डला हात लावण्यात अर्थ नसतो. तासगावात बसून मी आयुष्यभर इंजिनाच्या हवेचं काम करत आलोय आणि त्यातून एक मत पक्कं झालंय. इनलेट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी, बदलून आपण बहुतेक वेळा नवी ताकद तयार करत नाही. आहे ती एका आरपीएमवरून उचलून दुसऱ्या आरपीएमवर नेऊन ठेवतो. कुठं ठेवायची, हे मालकाच्या रस्त्यावरून आणि कामावरून ठरवायचं असतं.

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, जेट मोठा टाकला की झालं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला मात्र साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते, आणि खरी ओढाताण होते ती हवेसाठी. आपलं तासगाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यापेक्षा इथली हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की ती आणखी पातळ होते. जुन्या ३४६ सीसीच्या बुलेटचं बघा. ४००० आरपीएमवर सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरला असं धरलं, तर मिनिटाला जवळपास ६९० लिटर हवा त्या एवढ्याशा नळीतून आत जायला हवी. प्रत्यक्षात तेवढी जात नाही. जी कमी पडते, त्या कमतरतेवर आमचं पोट आहे.

ती भरून काढायला बहुतेक जण नळी मोठी करतात. मोठी केली की हवेचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला गाडी ढिली होते, चढाला गिअर टाकावा लागतो. भोक जेवढं महत्त्वाचं तेवढीच लांबी महत्त्वाची, पण लांबीचा विचार फार थोडे जण करतात. व्हॉल्व्ह उघडतो, दट्ट्या खाली जातो आणि नळीत पोकळी होते. ती पोकळी लाट होऊन आवाजाच्या वेगानं बाहेरच्या तोंडाकडं जाते, मोकळी हवा लागली की उलटते आणि दाबाची लाट बनून परत येते. नेमका त्या वेळी व्हॉल्व्ह मिटायच्या बेतात असेल, तर ही लाट जाता जाता थोडी जादा हवा आत कोंबते. आधी किंवा उशिरा आली तर तिचा उपयोग नाही, उलट नुकसानच.

याचा ढोबळ हिशेब मी शाळकरी पोरांनासुद्धा करून दाखवतो. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. लाटेला जाऊन यायला क्रँकचा पाव फेरा मिळतो असं धरा. ७५०० आरपीएमला पाव फेरा म्हणजे २ मिलिसेकंद. तेवढ्यात लाट ७० सेंटिमीटर जाते, म्हणून व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंतची लांबी ३५ सेंटिमीटर हवी. ४००० आरपीएमला तोच हिशेब ६५ सेंटिमीटरवर जातो. एवढी लांब नळी मोटारसायकलच्या टाकीखाली मावत नाही. मग तिथं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या लाटेवर भागवावं लागतं. ती लाट मवाळ झालेली असते, पण कामाला येते.

ही लाट डोळ्यांनी दिसते यावर लोकांचा विश्वास बसत नाही. एअर फिल्टर काढून, गाडी स्टँडवर घेऊन हळूहळू रेस करत जा आणि कार्बोरेटरच्या तोंडाकडं बाजूनं बघा. एका ठरावीक आरपीएमला तोंडाबाहेर दोन बोटांवर पेट्रोलचं बारीक धुकं उभं राहतं. आत जात नाही, पडतही नाही, तिथंच थरथरतं. आत गेलेली हवा लाटेबरोबर मागं फिरलेली असते आणि जेटवरून दोन-तीनदा गेल्यामुळं तिनं गरजेपेक्षा जास्त पेट्रोल उचललेलं असतं. त्याच आरपीएमला रस्त्यावर गाडी अडखळते आणि मालक म्हणतो, "मधी कुठंतरी भरून येतीय बघा." आणखी थोडं रेस केलं की धुकं झटक्यात आत ओढलं जातं, आवाज मोकळा होतो. इथं लाट आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळली. कागदावरच्या हिशेबापेक्षा मी या धुक्यावर जास्त विसंबतो.

मोठ्या कंपन्यांनीही हेच केलंय. १९६० साली अमेरिकेतल्या क्रायस्लरनं ३००एफ नावाच्या मोटारीवर ३० इंच लांबीच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड दिला. इंजिनाच्या वरून आडव्या, एका बाजूचा कार्बोरेटर दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरांना हवा देणार, असा तो थाट. त्यानं मधल्या आरपीएमची ओढ वाढली. मग जास्त आरपीएमसाठी त्यांनी दुसरा प्रकार काढला. बाहेरून मॅनिफोल्ड जवळजवळ तसाच, पण आतली भिंत कापून नळीची कामाची लांबी १५ इंचांवर आणलेली. ३७५ हॉर्सपॉवरचं इंजिन ४०० वर गेलं, पण ते वरच्या टोकाला. १९९१ मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीनं तर निवडच टाळली. तिच्या नळ्या धावताना आरपीएमप्रमाणं लांब-आखूड होत होत्या. आपल्याकडं लेथ आणि आर्गन वेल्डिंग आहे, तेव्हा आपल्याला एकच लांबी निवडावी लागते. म्हणून तर आधी रस्ता विचारायचा.

हाताच्या कामात मला सगळ्यात जास्त गोडी जोडाची आहे. हेडचं तोंड आणि मॅनिफोल्डचं तोंड एकमेकांना जुळतंय का, हे गाडी विकत घेतल्यापासून कुणी बघितलेलं नसतं. हेडच्या तोंडावर मार्किंग ब्ल्यू पुसायचा, पॅकिंग बोल्टांवर बरोबर बसवायचं आणि सुईनं आतली कड आखायची. पॅकिंग उचललं की निळ्यात चांदीची रेघ उमटलेली दिसते आणि तिच्या आत कुठं अर्धा, कुठं एक मिलिमीटर धातू पुढं आलेला असतो. हवा त्या पायरीवर आपटते. तेवढा धातू डाय ग्राइंडरनं हळूहळू उतरवायचा. मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा केसभर लहान राहिलं तर चालतं, मोठं असेल तर हवा पुढच्या कडेवर आदळणारच. आणि आत, व्हॉल्व्हच्या अलीकडं जिथं वाट वळते, तिथल्या आतल्या बाजूला नवख्यानं ग्राइंडर लावायचा नाही. तिथंच हवा भिंत सोडते. ते वळण कापून धारदार केलं की भोक मोठं होऊनही हवा कमी जाते. छताकडून थोडं घेता येतं, तळाला जपायचं.

पोरांना आरशासारखं पॉलिश हवं असतं, फोटोत छान दिसतं म्हणून. कार्बोरेटरच्या गाडीला इनलेटमध्ये मी ते करून देत नाही. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचा थर धरतो आणि ओघळत जातो. ऐंशी नंबरच्या एमरीचा खरखरीतपणा राहू दिला तर तेच पेट्रोल पुन्हा हवेत उचललं जातं. पॉलिश करायचंच असेल तर एक्झॉस्टला करा, तिथं काजळी कमी धरते.

आरएक्स १०० वाल्यांचं दुखणं वेगळं. १९८५ ला आलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आमच्या भागात तिच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. मोठा कार्बोरेटर, नवी रीड, सगळं आणून ठेवतात आणि कार्बोरेटरचा रबरी जॉइंट मात्र जुनाच ठेवतात. उन्हानं त्याला खालच्या बाजूनं चीर गेलेली असते, वाकवल्याशिवाय दिसत नाही. त्या चिरेतून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा पडतो आणि सांगलीच्या सरळ रस्त्यावर फुल्ल पिळली की पिस्टन जाम. स्लोवर ठेवून जॉइंटवर साबणाचं पाणी सोडा. आरपीएम बदलला की चीर आहे समजा. एवढ्यावर निम्म्या गाड्यांचा "पिकअप" परत येतो.

आता ट्रॅक्टर. तासगावात राहून ट्रॅक्टरबद्दल बोललो नाही तर ते अर्धंच बोलणं होईल. ज्या तालुक्यातल्या बोरगावात तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण निघाला, तिथं इंजिनाचं सगळ्यात अवघड काम रेसिंग ट्रॅकवर नसतं, बागेत असतं. फळछाटणीनंतर पाऊस लागला की दावण्या रोगाच्या भीतीनं शेतकरी रात्रीसुद्धा फवारणीचा ब्लोअर चालवतो. ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा पीटीओ दांडा मिनिटाला ५४० फेऱ्यांवर टिकून हवा. इंजिन दमलं की पंखा मंदावतो, थेंब जाड पडतो, पानाच्या मागं औषध पोचत नाही. तिथं मला वरच्या टोकाचा एक हॉर्सपॉवरही नको असतो. त्या एका आरपीएमला इंजिन ढळता कामा नये, बस.

डिझेलमध्ये हवा कमी पडली की ती काळ्या धुरानं सांगते. ऊस ओढणारं ४५ एचपीच्या गटातलं, सुमारे २७०० सीसीचं इंजिन १९०० आरपीएमला मिनिटाला अडीच हजार लिटरच्या वर हवा मागतं. ती गाळणीतून येते. होजचा क्लँप सोडून आत बोट फिरवावं. बोटाला तपकिरी धुळीची रेघ लागली, तर गाळणीच्या पुढं कुठंतरी हवा चोरली जातेय. तीच धूळ ऑइलशी मिसळून रिंगा आणि लायनर घासून काढते आणि सीझनच्या मध्यात इंजिन ऑइल प्यायला लागतं. मॅनिफोल्डच्या बोल्टला पाना लावायच्या आधी मी हे बोट फिरवतो.

काही जण डिझेल हेडचं पोर्टही "मोकळं" करून मागतात. नको म्हणून मी हात जोडतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या हेडमधली ती वाट मुद्दाम पिळवटून ओतलेली असते, हवा सिलिंडरमध्ये गोल फिरत उतरावी म्हणून. फिरत्या हवेत डिझेल विरघळल्यासारखं मिसळतं. तो पीळ घासून काढला तर हवा जास्त जाईल, पण फिरणार नाही, आणि धूर वाढेल. आमचा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता, तेव्हा सातारा रोडला कूपरची आणि पुढं खडकीला किर्लोस्करांची डिझेल इंजिनं होऊ लागली. अशी विहिरीवरची इंजिनं माझ्या उस्तादांनी हाताखालून घातली होती. ते म्हणायचे, ओतणाऱ्यानं जिथं कष्ट घेतलेत तिथं आपण कानस घालायची नाही. डिझेलच्या पोर्टपुढं बसलो की ते मला आजही पटतं.

रस्त्यावरच्या गाडीला मी मोठे फेरफार करत नाही, हे स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि गल्लीतून किंचाळत जाणारी गाडी मला स्वतःलाही आवडत नाही. गळती काढणं, जोड जुळवणं, कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये उष्णता अडवणारं फायबरचं पॅकिंग नीट बसवणं, यात रस्त्यापुरतं पुष्कळ मिळतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या गाड्यांत तर मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर बसलाय. नळीचा आकार बदलला की त्याचं गणित बिघडतं आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरावीक मर्यादेपर्यंतच सांभाळून घेतो. त्या गाड्यांचा प्लास्टिकचा मॅनिफोल्ड मी पहिल्यांदा कापून बघितला तेव्हा आतली वळणं बघत बसलो. इतकं स्वच्छ वळण माझ्या हातून उतरलेलं नाही.

लांब-आखूड नळ्यांचे प्रयोग आता शर्यतीच्या गाड्यांवरच करतो. मातीच्या ट्रॅकवर चार-स्ट्रोक गाडी पळवणारा एक पोरगा येतो. त्याला आखूड नळी हवी होती, आवाज तिखट येतो म्हणून. मी दोन्ही करून दिल्या आणि घड्याळ लावून फेऱ्या मारायला लावल्या. त्या ट्रॅकला वळणंच वळणं, गाडी ७००० च्या वर जातच नाही. लांब नळीवर प्रत्येक फेरी लवकर संपत होती. "पण मामा, मजा येत नाही," असं त्यानं दोनदा सांगितलं, आणि तरी लांबच लावून गेला. त्याच्या पुढच्या ट्रॅकला सरळ पट्टा मोठा आहे. तिथं आखूड लावू, जेट एक नंबर वाढवू, आणि धुकं कुठं उभं राहतंय ते आधी इथं शेडमध्ये बघू.