तिसरी पिढी

मी गोव्याची असं सांगितलं की कोलकात्यात ‘म्हणजे पोर्तुगीज?’ हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या घरातले चाबी, जानला, आलमारी हे बंगाली शब्दही पोर्तुगीजच, हे मी हसत सांगते. अलीकडे मात्र तो प्रश्न आमच्या घरात गंभीरपणे विचारला जातो आहे.

माझे वडील १९३८ साली फोंड्यात जन्मले, पोर्तुगीज अमलात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्या वर्षी सरकारी आदेशाने तिथली माणसं भारतीय नागरिक ठरली. पोर्तुगालने त्यांचा जुना हक्क मात्र मिटवला नाही. मुक्तीआधी गोव्यात जन्मलेल्याची जन्मनोंद लिस्बनला झाली की तो पोर्तुगीज. मग त्याची मुलं, मग नातवंडं. पिढ्यान्‌पिढ्या नोंदीच्या या वाटेने मधली पिढी वगळता येत नाही. आमच्या घरातली मधली पिढी म्हणजे भाऊ आणि मी.

भावाने वीस वर्षांपूर्वी वडिलांची, स्वतःची आणि मुलाची नोंद करून घेतली. पुतण्या इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. युरोपीय संघाचा नागरिक म्हणून त्याला तेव्हा व्हिसा लागला नाही. ३१ डिसेंबर २०२० नंतर ती सवलत संपली. आधीपासून राहणाऱ्यांनी अर्ज करून हक्क टिकवला. आज नव्याने नोकरीला जाणाऱ्या पोर्तुगीजाला ब्रिटनचा व्हिसा काढावा लागतो. जर्मनी, आयर्लंड, खुद्द पोर्तुगाल त्याला अजून मोकळे आहेत.

आणि भारत? इथे पुतण्या परदेशी आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं संपतं. एरवी पोर्तुगीज माणसाला इथे नोकरी करायची तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, त्यासाठी साधारणपणे वर्षाला सव्वासोळा लाखांच्या वर पगार लागतो, आणि मुक्काम १८० दिवसांहून मोठा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. पुतण्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणून यातून सुटका. तो इथे हवं तितकं राहू शकतो, नोकरी करू शकतो. मतदान करू शकत नाही, शेतजमीन विकत घेऊ शकत नाही.

माझी मुलगी कोलकात्यात जन्मली. भांडते बंगालीत, लाडात येते ती मराठीत. तिला युरोपात काम करायचं आहे. मी नोंद केली नाही तर आजोबांचा हक्क या वाटेने तिच्यापर्यंत पोचत नाही. केली, तर माझं काय? नुसती जन्मनोंद म्हणजे परकं नागरिकत्व घेणं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. आमदारांच्या निवडीलाही त्यावरून आव्हान दिलं गेलं आहे.

वडील आपल्या पहिल्या मतदानाबद्दल अजून बोलतात. १९६३ ची विधानसभा, वय पंचवीस. १९६७ च्या जनमत कौलाला तर ते ताप अंगात असताना गेले होते. ‘त्याआधी आम्हाला कोणी काही विचारलंच नव्हतं,’ ते म्हणतात. त्यांच्यासाठी भारतीय होणं म्हणजे विचारलं जाणं. भावाने त्यांची नोंद केली तेव्हा ते सहीपुरते हजर राहिले आणि नंतर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत.

मी मुलीला म्हटलं, ‘भारतीय पासपोर्टवरही लोक जातातच की. रीतसर व्हिसा काढ.’

ती म्हणाली, ‘रांगेत मी उभी राहणार आहे, आई. आणि मत तुझं वाचणार आहे.’

तिचं म्हणणं खोटं नाही. माझंही नाही. वडिलांच्या जन्मदाखल्याची पोर्तुगीज प्रत मी भावाकडून मागवून घेतली आहे. ती आलमारीत, माझ्या मतदार ओळखपत्राच्या शेजारी ठेवली आहे. अर्ज अजून कोराच आहे.