भाताचे फूल

चित्रपट काढावयाचा म्हटला, की कॅमेरा हवा, नट हवेत, पैसा हवा. परंतु त्यासाठी आधी भातलावणी शिकावयास हवी, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. जपानचे दिग्दर्शक ओगावा शिन्सुके यांनी मात्र नेमके तेच केले.

त्यापूर्वी टोकियोनजीकच्या विमानतळासाठी आपल्या जमिनी जाऊ नयेत म्हणून झगडणाऱ्या शेतकऱ्यांवर त्यांनी अनेक अनुबोधपट काढले होते. शेतकऱ्याचा लढा कॅमेऱ्याने टिपला. पण ज्या मातीसाठी तो लढतो, तिच्याशी त्याचे नाते काय, हे दुरून कसे कळावे? पुढे १९७० नंतरच्या दशकात, किमुरा मिचिओ या शेतकरी कवीच्या बोलावण्यावरून, ओगावा आपल्या सहकाऱ्यांसह यामागाता प्रांतातील मागिनो गावी राहावयास गेले. तेथे ही मंडळी चिखलात उतरली आणि भात पिकवू लागली. एकदोन नव्हे, दहांहून अधिक वर्षे!

त्याच भागात डोंगरात फुरुयाशिकी नावाचे खेडे होते. तेथे उरली होती अवघी आठ घरे. १९८० साली ऐन उन्हाळ्यात थंडी पडली आणि पीक बुडाले. लोंब्या दिसत होत्या, पण दाणे पोचट! असे का व्हावे? मंडळींनी खोऱ्याची प्रतिकृती केली, तीवर पांढरा धूर सोडला आणि थंड हवा डोंगरावरून कोणत्या वाटेने खाचरांत उतरते, ते दाखविले. मग गावची वडीलधारी माणसे बोलू लागली. कोणी कोळसा पाडण्याचे कष्ट सांगितले, कोणी युद्धाच्या आठवणी. १९८२ साली हा चित्रपट पुरा झाला.

१९८६ सालच्या मागिनोवरील चित्रपटात तर गावाचे नाटकच झाले. जुन्या काळी शेतकऱ्यांनी केलेल्या उठावाचे प्रवेश त्यात आहेत. धंदेवाईक नटांबरोबर गावकऱ्यांनीही त्यात भूमिका केल्या. ज्या मातीत पूर्वज राबले, त्याच मातीत उभे राहून त्यांची कहाणी सांगावयाची! असा अभिनय कोणत्या शाळेत शिकवितात?

त्याच चित्रपटात भाताचे फूल उमलताना दिसते. हे फूल इवलेसे असते. ते उमलते आणि तासा-दोन तासांत मिटते. घाईने जाणाऱ्या वाटसरूस ते दिसत नाही. ज्याने स्वतः रोप लावले, पाणी राखले, थंडीची धास्ती घेतली, त्यालाच त्याची वेळ ठाऊक असते.

ओगावा १९९२ साली निवर्तले. गाव पाहणे आणि गावात राहणे यांतील अंतर त्यांनी आपल्या घामाने मोजले. म्हणूनच ते इवलेसे फूल त्यांना दिसले, आणि त्यांच्यामुळे जगालाही दिसले.