तेलपाणी

आमच्या विक्रोळीच्या इमारतीच्या मागील अंगाला ओळीने चार गॅरेजेस आहेत. त्यांतले डावीकडून तिसरे आमचे. आत आता मोटार नाही. नातीची सायकल, नाताळच्या गोठ्याचे सामान, जुन्या ट्रंका आणि एक मोडकी आरामखुर्ची एवढाच तिथला संसार. शटर मात्र बाबांच्या वेळचेच आहे. आठ फूट रुंदीचे, लोखंडी पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेले, वर उचलताच गुंडाळले जाणारे. त्या शटरने मला जे शिकवले, ते सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे. सांगताना थोडी लाजही वाटते. पण लाज वाटते म्हणून सत्य झाकून ठेवावे, असेही नाही.

बाबा मूळचे वसईचे. तरुणपणी ते विक्रोळीला आले आणि एका कारखान्यात फिटर म्हणून लागले ते निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. त्या काळी विक्रोळी म्हणजे लोखंडाला आकार देणाऱ्या माणसांचे गाव. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी, १९५१-५२ साली, लाखो पोलादी मतपेट्या इथेच गोदरेजच्या कारखान्यात घडल्या, हे आमच्या पिढीतील मुलांना घरोघरी अभिमानाने सांगितले जाई. कुलपे, कपाटे, तिजोऱ्या यांच्या शेजारात वाढलेल्या आम्हा मुलांना लोखंड ही कायमची, अविनाशी वस्तू वाटे. बाबांना मात्र तसे कधीच वाटले नाही. ते म्हणत, “लोखंडासारखं हळवं काही नाही. दुर्लक्ष केलंत तर ते रुसतं, आणि रुसलं की बोलत नाही, मोडतं.”

निवृत्तीनंतर, १९९२ साली, बाबांनी एक जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ती गाडी आम्ही सगळे ‘फियाट’च म्हणत असू. गाडीबरोबर गॅरेज आले आणि गॅरेजबरोबर शटर. तेव्हापासून महिन्याचा पहिला शनिवार हा शटरच्या तेलपाण्याचा दिवस ठरला. सकाळी चहा झाला की बाबा लांब चोचीची तेलाची बुधली, तारेचा ब्रश, जुन्या बनियनच्या चिंध्या आणि शिडी घेऊन खाली उतरत. तास-दीड तास त्यांचा पत्ता नसे.

वाचकांपैकी कित्येकांच्या घराला वा दुकानाला असे शटर असेल, म्हणून बाबांची पद्धत जरा तपशिलाने सांगतो. शटर वर उचलणारा खरा गडी आपला हात नसतो. वर पत्र्याच्या आवरणात एक आडवा नळ असतो आणि त्यावर मोठ्या गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात. आपण शटर खाली ओढतो तेव्हा त्या पिळल्या जातात. उचलताना तीच साठवलेली शक्ती आपल्या मदतीला येते. म्हणूनच चांगल्या माणसाएवढ्या वजनाचे शटर आईसुद्धा एका हाताने वर ढकलू शकत असे. स्प्रिंगांवरचा गंज ब्रशने हलकेच झाडून बाबा त्यांवर पातळ तेलाचा हात फिरवीत. नळाच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगांना थेंब-थेंब तेल देत. पण स्प्रिंगांचा ताण कमी-अधिक करण्याच्या भानगडीत हा जन्माचा फिटर कधी पडला नाही. “ते शटरच्या मिस्त्रीचं काम. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते,” असे ते बजावीत.

दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचांना, ज्यांना गाइड म्हणतात, ते ग्रीस कधीच लावीत नसत. पट्ट्या त्या खाचांतून वर-खाली सरकतात, म्हणून तिथे भरपूर वंगण हवे असे कुणालाही वाटेल. बाबा मात्र कोरड्या फडक्याने खाच आतून पुसून काढीत आणि मग तेलाने जेमतेम ओलावलेली चिंधी एकदा फिरवीत. ग्रीसला धूळ चिकटते, धुळीत वाळू असते, आणि वाळू मिसळलेले ग्रीस म्हणजे पट्ट्या घासणारी कानसच! कुलपाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात तेल न घालता पेन्सिलीच्या शिशाची भुकटी किल्लीला लावून ते किल्ली चार-सहा वेळा फिरवीत. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, खालची पट्टी खरवडून तिला आधी रेडऑक्साइड आणि मग रंगाचा हात दिला जाई, कारण साचलेले पाणी आणि चिखल सर्वांत आधी तिलाच खातो.

विक्रोळीत ही निगा दुप्पट लागते. आमच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, तिवरांचे रान आहे, कांजूर-भांडुपच्या बाजूला मिठागरे पसरलेली. वाऱ्याबरोबर मिठाचा अंश येतो आणि लोखंडावर बसतो. मीठ हवेतील ओलावा ओढून धरून ठेवते, आणि त्या खारट ओलीत गंज झपाट्याने पसरतो. पट्ट्यांवर जस्ताचा मुलामा असेल तर जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. बाबा हे सांगत तेव्हा मला ती निव्वळ कारखान्यातील माहिती वाटे. त्या जस्ताशी बाबांचे काही नाते असेल, हे मला फार उशिरा सुचले.

या तेलपाण्यात माझा वाटा कोणता? शिडी धरण्याचा, एवढाच! बाबांची तेवढीच अपेक्षा होती. पण मला तेवढेही जड वाटे. मी बँकेत अधिकारी झालो होतो. शनिवारी अर्धा दिवस काम असे, आणि राहिलेल्या वेळात मित्र, वाचन, सभा-समारंभ. एकदा, १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांनी खालून हाक मारली, “जरा शिडी धरायला ये रे.” मी गॅलरीतून ओरडलो, “बाबा, बिघडलं तर मिस्त्रीला बोलवू! जे बिघडलेलं नाही ते दर महिन्याला कशाला दुरुस्त करता?” शेजारची दोन माणसे खाली उभी होती. बाबा काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला शिडी धरायला कधीच बोलावले नाही. मी मनात म्हटले, बरे झाले, सुटलो!

२६ जुलै २००५ चा प्रलय कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आमच्या गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर जो तो आपापल्या घरातील भिजलेले सामान आवरत होता. त्र्याहत्तर वर्षांचे बाबा मात्र गोड्या पाण्याची बादली घेऊन शटरच्या खाचांतील गाळ धूत बसले होते. फियाट त्या पुरात गेली ती गेलीच. शटर वाचले. २००९ च्या उपवासकाळात बाबाही आम्हांला सोडून गेले.

त्यानंतर शटरकडे पाहायला कुणाला वेळ होता? २०१४ साली धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा त्याच्या गॅरेजचे विजेवर चालणारे दार पाहून मी थक्क झालो. दार खाली येत असताना त्याने वाटेत लाकडाचा एक ठोकळा ठेवला. दार ठोकळ्याला टेकले मात्र, लगेच उलटे वर गेले! त्या देशात लहान मुले अशा दारांखाली सापडून दगावली, म्हणून १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती दारयंत्रांना ही सोय कायद्याने सक्तीची झाली आहे. जमिनीलगत दोन्ही बाजूंना विजेचे डोळे असतात. मध्ये कुणी आले की दार थांबते आणि मागे फिरते. “हे दर महिन्याला तपासायचं असतं,” भाऊ म्हणाला. मी विचारले, “तू केव्हा तपासलंस?” तो हसला आणि म्हणाला, “आज, तू आलास म्हणून!” त्या डोळ्यांवर कोळ्याने जाळे विणले होते. आम्ही दोघेही एकाच बापाचे मुलगे, हे त्या क्षणी सिद्ध झाले.

परत आल्यावर उत्साहाच्या भरात मी ग्रीसचा डबा आणला आणि दोन्ही खाचा खालपासून हात पोहोचेल तिथपर्यंत भरून टाकल्या. बाबांनी नेमके जे करू नये म्हणून सांगितले होते, तेच मी काळजीच्या नावाखाली केले. चार वर्षांत त्या ग्रीसचा काळा चिकट लगदा झाला. शटर जड लागू लागले. मी म्हटले, वय झाले, खांदा दुखतो. शटर वाटेतच अडकू लागले. मी म्हटले, जुने झाले आहे. शटर आपल्या परीने सांगत होते आणि मी प्रत्येक वेळी दुसरेच कारण शोधत होतो.

जून २०१८ मधील एक संध्याकाळ. सहा वर्षांची नात सायकल ठेवायला माझ्याबरोबर खाली आली. मी शटर वर ढकलले आणि ते थांबले. ती सायकल आत लावून बाहेर आली आणि माझा हात धरून दोन पावले पुढे गेली, तोच मागे बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. शटर धाडकन खाली कोसळले होते. खालच्या पट्टीने फरशीला भेग पाडली होती. दोन पावले! ती सायकलची घंटी वाजवायला क्षणभर थांबली असती तर? त्या रात्री मला झोप लागली नाही. आजही त्या ‘तर’पाशी विचार थांबतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने वरचे आवरण उघडले आणि मला शिडीवर बोलावले. “काका, स्प्रिंगा तीन. त्यातली एक केव्हाच तुटलीय. हे बघा, तुटल्या तोंडावर जुना गंज. दुसरी काल गेली, तिचं तोंड अजून चकाकतंय. तिसरी बिचारी एकटी काय करणार?” मग खाचेत बोट फिरवून त्याने विचारले, “हे ग्रीस कुणी भरलं? याच्यामुळे शटर अडकून राहत होतं, म्हणून तुम्हांला वाटलं की ते तोललेलं आहे.” मी उत्तर दिले नाही.

जागा मोकळी करण्यासाठी त्याने भिंतीशी टेकलेली ट्रंक सरकवली. तिच्यामागे भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे होते. बाबांचे अक्षर! एकाखाली एक तारखा, १९९२ पासूनच्या. पुढे एखाद-दुसरा शब्द : ‘तेल’, ‘रंग’, ‘बेअरिंग बदलले’. कारखान्यातील यंत्रावर टांगलेल्या नोंदपत्रकासारखी शिस्त. मी चष्मा सावरून वाचत गेलो. ‘५-१०-९६. तेल. एकट्याने.’

पुढच्या बारा वर्षांत तो शब्द पुन्हा कुठेही नव्हता. पुढे सगळे एकट्यानेच झाले होते, तेव्हा पुन्हा लिहिण्याचे कारणच उरले नव्हते. शेवटची नोंद ७-२-०९ ची. अक्षर थरथरलेले, पण ‘तेल’ शब्द पुरता लिहिलेला.

मिस्त्रीने तिन्ही स्प्रिंगा नव्या घातल्या, रॉकेलने खाचा धुऊन कोरड्या केल्या आणि शटर पुन्हा हलके झाले. माझ्या मनाचे ओझे मात्र तितक्या सहज उतरले नाही. ‘बिघडलं तर मिस्त्रीला बोलवू’ या वाक्यात मला तेव्हा केवढा शहाणपणा वाटला होता! बिघाडाची वाट पाहणे ही परवडणारी गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. तो बिघाड कुणाच्या डोक्यावर कोसळेल, याचा विचार आपण करीत नाही. बाबा तेवढाच विचार करीत होते. त्यांचे प्रेम बोलून दाखवण्यातले नव्हते. महिन्यातून एकदा ते बुधलीच्या चोचीतून थेंब-थेंब उतरत असे, आणि त्याखालून आम्ही सगळे सतरा वर्षे निर्धास्त ये-जा करीत होतो.

७ जुलै २०१८ रोजी, पहिल्या शनिवारी, मी शिडी घेऊन खाली उतरलो. मुलाला हाक मारली. तो दहा मिनिटे उशिरा आला, कपाळाला आठ्या घालून. पण आला, आणि त्याने शिडी धरली. काम झाल्यावर मी बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली नवी तारीख लिहिली. दोहोंमध्ये नऊ वर्षांहून अधिक अंतर आहे. ते भरून काढण्याचा उपाय माझ्यापाशी नाही. गेल्या खेपेस गॅरेजला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याला सांगितले, तेवढी भिंत सोड. तो म्हणाला, “काका, वाईट दिसेल.” म्हटले, दिसू दे.